पाहुणे आधी शेजाऱ्याला विचारतात

मला राग लवकर येतो आणि आला की मी ऐकवल्याशिवाय राहत नाही, असा माझा घरीदारी लौकिक आहे. तेव्हा माझ्या न बोलण्यामुळे कुणाचं काही बिघडेल, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण झालं तसंच. आणि काय झालं ते मला समजायला दीड महिना लागला, तोपर्यंत मी आपली घरात येरझाऱ्या घालत होते आणि नवऱ्यावर डाफरत होते.

आम्ही पुण्याचे. नवऱ्याने स्वतःचा कारखाना विकला, मी नोकरी सोडली आणि संगमनेरपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात आम्ही घर बांधलं. नवऱ्याचं नाव कोकणातल्या कुठल्याशा सातबाऱ्यावर सतराव्या नंबरला होतं, म्हणून शेतजमीन घेता आली. गावात आमच्या घराला बंगला म्हणतात. मी पहिले सहा महिने 'बंगला नाही हो, साधं घर आहे' असं म्हणत राहिले, पण चार न्हाणीघरं असलेल्या घराला साधं म्हणायला मलाच नंतर लाज वाटायला लागली. मग सोडून दिलं.

डांबरी रस्ता सोडून वस्तीकडे वळलं की आधी आमचं फाटक लागतं आणि मग शेजाऱ्यांचं घर. शेजारी म्हणजे एक माझ्याच वयाची बाई आणि तिचा बत्तीस वर्षांचा मुलगा. नवरा वारलेला, हॉलमध्ये त्याचा हार घातलेला फोटो होता. चार संकरित गाई, कांदा, थोडं डाळिंब. मुलगा पहाटे धारा काढून डेअरीला दूध घालून यायचा आणि येताना आमचं दोन लिटर स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवायचा. 'काकू, दूध' एवढंच म्हणायचा. त्याची आई मात्र दुपारी यायची, पायरीवर बसायची आणि मी करते ते सगळं कसं चुकतंय ते सांगायची. कढीपत्ता भिंतीला चिकटून लावलाय, कुत्र्याला भाकरी द्यायच्या ऐवजी पाकिटातलं खायला देताय, साहेब उन्हाचं पळायला कशाला जातात. मी तिला ताई म्हणायचे, ती मला म्याडम. ते म्याडम काही तिच्या तोंडातून सुटलं नाही, पण मला ती आवडायची. पुण्यात तीस वर्षं एका मजल्यावर राहून शेजारणीने माझ्या घराची पायरी इतक्या वेळा चढली नव्हती.

मुलाचं लग्न जमत नव्हतं. हे गुपित नव्हतं, आमच्या पट्ट्यात घरटी एक असा मुलगा आहे. शेती करतो म्हटलं की मुलीकडचे पुढे बोलतच नाहीत. एकदा दूध ठेवताना तो मला हसत म्हणाला होता, "काकू, पयला सवाल एकच असतो, पुन्यात फ्लॅट हाय का. तुमाला फ्लॅट नको झाला म्हनून तुमी हितं आलाव, आन् पोरींना त्योच पायजे. आमी मधल्यामधी अडाकलो." मीही हसले. त्याच्या आईला मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. पाच वर्षं ती स्थळं शोधत होती. मी मेल्यावर ह्याला भाकरी कोण करून घालील, असं ती म्हणायची, आणि मी तिला सांगायचे की त्याला भाकरी करायला शिकवा. ती माझ्याकडे अशी बघायची, जशी मी कढीपत्त्याबद्दलच काहीतरी बोलले.

मागच्या हिवाळ्यात एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या फाटकापुढे एक जीप थांबली. तीन माणसं उतरली. पांढरे कपडे, टोप्या, एकाच्या पायात नवे बूट. पाणी मागितलं. मी दिलं, बसा म्हटलं, ते व्हरांड्यात बसले. राहुरीकडून आलो म्हणाले. पाऊसपाणी झालं, कांद्याचा भाव झाला. मग त्यातल्या वयस्कर माणसाने पेला खाली ठेवला आणि शेजारच्या घराकडे हनुवटी करून विचारलं, "मान्सं कशी हायेत ही?"

"चांगली आहेत," मी म्हटलं.

"पोरगा?"

"तोही चांगला आहे."

"म्हंजी कामाला कसा हाय? पितो-बितो का? तापट हाय का? आईला बघतो का नीट?"

आता इथे मला माझी नोकरी सांगितली पाहिजे. मी तीस वर्षं एका मोठ्या कंपनीत माणसांच्या नेमणुका करायच्या खात्यात होते. कुणाचा पगार किती, कुणाचं घरी काय चाललंय, कुणाला का काढलं, सगळं माझ्याकडे असायचं आणि माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर पडायचं नाही. याचा मला अभिमान होता. त्यातून ही तीन अनोळखी माणसं माझ्याच व्हरांड्यात बसून शेजाऱ्याबद्दल माझी उलटतपासणी घेतायत, हे बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आवाज शांत ठेवला, तेवढं मला येतं.

"हे बघा," मी म्हटलं, "मी दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी बोलत नाही. ते त्यांचं खासगी आहे. तुम्हाला जे विचारायचंय ते त्यांनाच विचारा."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. वयस्कर माणूस म्हणाला, "बरं बरं. कळालं." मग त्याने मला हात जोडले, अगदी मनापासून, जसे आपण उपकार केलेल्या माणसाला जोडतो. ते शेजारी गेले, चहा घेतला असेल, वीस मिनिटांत जीप परत गेली. मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, बरोबर केलंस. आम्ही दोघांनी निवांत जेवण केलं.

दुसऱ्या दिवसापासून दूध ओट्यावर यायचं बंद झालं. फाटकाच्या आतल्या खिळ्याला किटली लटकवलेली असायची. हाक नाही, काही नाही. दुपारी पायरी रिकामी. मला वाटलं कांदालागवडीची गडबड असेल. आठ दिवस गेले, लागवड संपली, तरी कुणी येईना. मी बांधावरून हात केला तर ताईंनी मान हलवली आणि वाकून काम करायला लागल्या.

मग मी काय झालं असेल ते शोधायला लागले, आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. कुत्र्याने कोंबडी मारली का? कुत्र्याला मी पट्टा बांधला. आमचा गच्चीवरचा मोठा दिवा त्यांच्या गोठ्यावर पडतो का? दिवा काढला. नवऱ्याने नवी बोअर घेतली होती, त्यांच्या विहिरीचं पाणी उतरलं असेल. मी नवऱ्याला माफी मागायला पाठवलं. तो गेला, विहिरीत डोकावून बघितलं, पाणी होतं तेवढंच होतं, आणि बिचारा कशाची माफी मागायची ते न कळून डाळिंबावरच्या रोगाबद्दल बोलून परत आला. मी बेसनाचे लाडू करून घेऊन गेले. ताईंनी डबा घेतला, बसा म्हणाल्या, चहा केला, सगळं नीट केलं. पण एकदाही मी चुकतेय असं म्हणाल्या नाहीत. मी मुद्दाम म्हटलं, यंदा मी कढीपत्ता उपटून टाकणार आहे. "टाका की," त्या म्हणाल्या. त्या क्षणी मला कळलं की प्रकरण गंभीर आहे, फक्त प्रकरण कोणतं ते कळेना.

मला रागही यायला लागला. अरे, काय बिघडलंय ते तोंडाने सांगा ना. पुण्यात माणसं भांडतात, कागद चिकटवतात, सोसायटीच्या बैठकीत आवाज चढवतात, पण कळतं तरी. इथे सगळे माझ्याशी चांगलंच वागत होते आणि मला वाळीत टाकल्यासारखं वाटत होतं. नवरा म्हणाला, तू उगीच सुतावरून स्वर्ग गाठतेस. मी त्याला म्हटलं, तुला माणसं कळत नाहीत. तो म्हणाला, तुला कळतात तर मग सांग.

सांगितलं शेवटी आमच्या बागेत खुरपायला येणाऱ्या आजींनी. त्या वस्तीतल्याच. मी त्यांना चहा दिला आणि सरळच विचारलं की शेजारच्या ताई माझ्यावर का रुसल्यात. आजींनी खुरपं थांबवलं नाही.

"तुमीच मोडली की पोराची सोयरीक."

"मी?"

"मंग कोन? पावनं तुमच्याकडं बसलं हुतं. तुमी म्हनलाव, माज्या तोंडून नको, त्यांनाच इचारा."

"अहो आजी, मी एक शब्द वाईट बोलले नाही."

"वाईट बोलला असता तरी चाललं असतं," आजी म्हणाल्या. "श्येजारी वाईट बोलला तर पावनं म्हनत्यात, बांधाचं भांडान असंल. पन श्येजारी बोलाया तयारच न्हाई म्हनल्यावर काय समजायचं? लई कायतरी मोठं हाय आन् बाई चांगल्या घरची हाय म्हनून झाकती."

मी तिथेच विटांवर बसले. कारण मला आठवलं की आमच्या कंपनीत आम्ही हेच करायचो. कुणाला नोकरी द्यायची तर त्याच्या आधीच्या साहेबाला फोन करायचा. साहेब म्हणाला की मुलगा जरा आळशी आहे, तर आम्ही हसून सोडून द्यायचो. पण साहेब म्हणाला, 'मी याबद्दल काही बोलू शकत नाही', तर तो कागद बाजूला जायचा. मी स्वतः किती कागद असे बाजूला ठेवले असतील. आणि व्हरांड्यात बसून मी तेच वाक्य पाहुण्यांच्या तोंडावर फेकलं होतं, वर मान ताठ करून. त्या माणसाने हात का जोडले तेही आत्ता कळलं. त्याला वाटलं, मी त्याच्या घरातली मुलगी वाचवली.

मी तशीच शेजारी गेले. ताई गाईंपुढे मुरघास टाकत होत्या. मी म्हटलं की मला माहीत नव्हतं, मी राहुरीला जाते, त्या लोकांना भेटते, सगळं समजावून सांगते. त्यांनी घमेलं खाली ठेवलं.

"नका जाऊ म्याडम. आता गेला तर म्हनतील, आमीच धाडलं."

"मग मी काय करू?"

"काय न्हाई. तुमाला तरी काय म्हाईत." एवढं म्हणून त्यांनी घमेलं पुन्हा उचललं. शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. मुलगा गोठ्याच्या दाराशी उभा होता. त्याने मिशी काढली होती, मला ते तेव्हा दिसलं. बहुतेक त्या पाहुण्यांसाठी काढली असेल.

नंतर हळूहळू दूध ओट्यावर यायला लागलं. ताईही आठवड्यातून एकदा यायला लागल्या. मला वाटलं, निवळलं. मी मनात ठरवूनच टाकलं होतं की पुढचे पाहुणे आले की त्यांना फाटकातून हलू द्यायचं नाही, चहा, पोहे, आणि असा मुलगा शोधून सापडणार नाही म्हणून सांगायचं. नवऱ्यालाही पढवून ठेवलं होतं.

एका सोमवारी ताई आल्या. पायरीवर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"म्याडम, येक बोलू का? राग धरू नका."

"बोला ना."

"गुरवारी पावनं येनार हायेत. पारनेरकडची मान्सं हायेत. पोरगी बारावी झाली हाय, तिला शेतीचं चालतंय." बोलताना त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तवा त्या दिशी तुमी पुन्याला जाऊन आलात तर बरं हुईल. कुलूप लावून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि माझा चेहरा तापला. मी म्हटलं, "ताई, या वेळी मी नीट सांगीन. एवढा विश्वास ठेवा."

"तुमी सांगाल वो. पन पावनं काय येडं असत्यात का? इचारतील, किती वरसं वळखता."

"तीन वर्षं."

"मंग सांगा बरं, आमची थोरली कुठं दिलीय?"

मी तोंड उघडलं. थोरली मुलगी दिवाळीला येते, पांढऱ्या गाडीतून, एक लहान मूल असतं, मूल आमच्या झोपाळ्यावर बसायला येतं. कुठून येते, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"माजं माह्यार कुठलं?"

मला माहीत नव्हतं.

"पोराचं वडील कशानं गेलं? पावनं पयलं त्येच इचारत्यात. दारूनं गेला का म्हनून."

तो हाराचा फोटो मी किती वेळा बघितला होता. आपणहून सांगितलं तर ऐकायचं, विचारायचं नाही, याला मी शिष्टाचार समजत आले होते.

"इहिरीवरली मोटार चालू कराया गेलं आन् श्टार्टरचा शॉक बसला," ताई म्हणाल्या. "पोरगं तवा धावीला हुतं. त्या दिवसापास्नं त्यो धारा काढतोय."

मी म्हटलं, मला कुणाच्या खासगी गोष्टीत नाक खुपसायची सवय नाही. हे मी का म्हटलं कुणास ठाऊक, त्या वेळी तरी जीभ आवरायला हवी होती. ताई चिडल्या नाहीत. त्यांनी आवाज जरा खाली आणला, आत नवरा पेपर वाचत होता.

"तुमची लेक तिकडं परदेशात हाय. बापाशी बोलत न्हाई, दोन वरसं झाली. आमाला म्हाईत हाय त्ये. तुमी फोनवर रडता, आमाला ऐकू येतं. आमाला बी लोकं इचारत्यात, बंगल्यावालीची लेक येत कशी न्हाई. आमी सांगतो, लई मायाळू पोरगी हाय, दररोज बापाला फोन करती." मग म्हणाल्या, "सांगावं लागतं म्याडम."

नवऱ्याने ऐकलं का, ते मी मागे वळून बघितलं. तीन वर्षं मी समजत होते की आमच्याबद्दल इथे कुणाला काही माहीत नाही. मी इतकंच म्हणाले, "गुरुवारी जाऊ आम्ही."

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. नवऱ्याला मी अर्धंच सांगितलं होतं. लेकीचं काहीच नाही. तो कुरकुरत होता, स्वतःच्या घरातून आपल्याला हाकलतात म्हणजे काय, वगैरे. फाटकाला कुलूप लावलं, कुत्र्याला गाडीत घेतलं. डांबरी रस्त्याला लागायच्या आधी समोरून एक पांढरी गाडी आली, पाच-सहा माणसं, पुढे टोपीवाले दोघे. रस्ता अरुंद, दोन्ही गाड्या हळू झाल्या. पुढच्या माणसाने काच खाली केली आणि आमच्याकडे बघून हात वर केला, काहीतरी विचारायचं होतं त्याला. माझ्या नवऱ्याला रस्ता सांगायची फार हौस. त्याचा हात काचेच्या बटणावर गेला. मी म्हटलं, "थांबू नकोस. चल." तो माझ्याकडे बघतच राहिला, पण गेला पुढे. मी मान खाली घालून बसले.

पुण्यापर्यंत जायची इच्छाच होईना. संगमनेरला एका हॉटेलच्या आवारात झाडाखाली गाडी लावली आणि तिथेच बसलो. मिसळ खाल्ली, चहा प्यायलो, कुत्र्याला फिरवलं, पुन्हा चहा प्यायलो. नवरा झोपला. मी मोबाईल मांडीवर ठेवून बसले होते. मला स्वतःचंच कळत नव्हतं की मला राग आलाय, का लाज वाटतेय, का भीती. ते जमलं नाही तर दोष माझा. जमलं तर मी तिथे नव्हते म्हणून. इतकं साधं गणित होतं, तरी मी ते पुन्हापुन्हा मांडत होते आणि दर वेळी माझं उत्तर चुकल्यासारखं वाटत होतं.

साडेतीनला फोन वाजला. मागे भांड्यांचा आवाज येत होता, बायका बोलत होत्या.

"म्याडम, जमलं. साखरपुडा पुढच्या म्हैन्यात धरलाय. या आता घरी, लगीच या, कांदेपोहे राखून ठिवलेत तुमास्नी."

मी म्हटलं, फार छान झालं ताई.

"लई भ्या वाटत हुतं मला," त्या म्हणाल्या. त्या हसत होत्या, पाच वर्षांत पहिल्यांदा असं हसत असतील. "पावन्यांनी इचारलं वो, ह्या बंगल्यात कोन ऱ्हातं. म्या म्हनलं, कुनी न्हाई, बंदच असतंय त्ये."

नवरा जागा झाला होता. सीट सरळ करत त्याने विचारलं, "काय म्हणाली?"

"जमलं म्हणाली," मी म्हटलं.